खंदकात सापडलेल्या बटणाबाबत

पुरवणी जबाब. देणार: गावात आणि लॉजवर 'कॅप्टन' म्हणून ओळखला जाणारा इसम, वय ५४ वर्षे, धंदा पाहुण्यांना रणभूमी दाखवण्याचा, राहणार लॉजच्या मागच्या दोन खोल्या. आज सकाळी साडेनऊ वाजता, कुणी बोलावले नसताना, मी चौकीत येऊन सांगतो की,

परवा संध्याकाळी याच टेबलावर मी पहिला जबाब दिला. त्यात म्हटले होते की, खंदकाच्या उत्तरेकडच्या टोकाला दोरी बांधलेली आहे, दोरीपलीकडे जाऊ नये अशी सूचना पाहुण्यांना सकाळी दिली होती, आणि मयत शिंपीकाका, वय ७१, हे दुपारी स्वतःहून एकटे तिकडे गेले. त्यातले एकही वाक्य खोटे नाही. ते मागे घ्यायला मी आलेलो नाही. जे सांगायचे राहिले, म्हणजे जे मी राहू दिले, ते सांगायला आलो आहे.

लॉज माझ्या मेहुण्याचे, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाचे आहे. बारा खोल्या, तळ्यावर चार होड्या, झाडांमध्ये दोरीचा पूल, तिरंदाजीचे मैदान आणि मागच्या उतारावर खंदक. त्रेसष्ट वर्षांपूर्वी त्या उतारावर अकरा दिवस लढाई झाली. पाहुणे होड्यांसाठी येतात असे मेहुणा म्हणतो. खंदकासाठी येतात असे मी म्हणतो. टोपी आणि मिशांमुळे मी माजी सैनिक आहे असे पाहुण्यांना वाटते. मी सैन्यात कधीही नव्हतो. मी एकवीस वर्षे बसमध्ये कंडक्टर होतो. आवाज तिथला आहे.

विचारल्यावरून सांगतो की, लॉजवर आम्ही जिला 'पेरणी' म्हणतो ती पुढीलप्रमाणे. पाहुणा दोन तास उन्हात चालतो आणि त्याला नुसते गवत दिसते. बिचाऱ्याचा चेहरा उतरतो. म्हणून मी रोज सकाळी साडेसहाला खंदकात जाऊन सात जुन्या वस्तू मातीत बोटभर खोल दाबून ठेवत असे. पाच पितळी बटणे, एक बकल, एक वाकलेला चमचा. सर्व भंगारवाल्याकडच्या, त्यातली एकही या लढाईतली नाही. दहाच्या सुमारास पाहुण्यांना त्या सापडत. मग मी टोपी काढून सांगायचो की, इतिहासाची वस्तू जिथली तिथे राहू द्यायची, हा आमचा नियम आहे. पाहुणे फोटो काढून वस्तू परत मातीत ठेवत. त्यांना हे फार आवडते. मोठेपणा मिळतो आणि ओझे होत नाही. ते जेवायला गेले की मी सगळे उकरून खिशात घालत असे. हे अकरा वर्षे चालले. एका गृहस्थांना तेच बकल दोन वेगवेगळ्या सहलींत दोनदा सापडले, आणि दोन्ही वेळा त्यांचे डोळे भरून आले. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मी तर बोलतही नव्हतो, नुसता पुरत होतो.

मेहुण्याला हे ठाऊक होते. पत्नीलाही होते. 'हात दाखवून अवलक्षण कराल एक दिवस,' असे ती म्हणायची. मी हसण्यावारी नेत असे.

गेल्या महिन्यात एका पाहुणीने एक पितळी बटण नियम न पाळता पर्समध्ये टाकले. बदली वस्तू आणायला शहरात जायचा मी कंटाळा केला. आमच्या खोलीतल्या ट्रंकेत पत्नीचा जुना ओव्हरकोट पडून होता. त्याचे एक बटण मी कात्रीने काढले. शिंगाचे, तपकिरी, चार भोकांचे. तीन दिवस चहाच्या पाण्यात भिजवले, राखेने घासले. सैनिकाच्या कोटाला असले बटण नसते, हे माझ्या डोक्यात आले नाही. बटण ते बटण. पत्नीला विचारले नाही.

शिंपीकाका आणि त्यांची मुलगी, वय ४३, शिक्षिका, मंगळवारी संध्याकाळी आले. काकांचा मोठा भाऊ वयाच्या एकोणिसाव्या वर्षी या उतारावर लढला आणि बेपत्ता झाला, असे मुलीने नोंदवहीत सही करताना सांगितले. काका फार बोलत नव्हते. होडीच्या एका जाकिटाचा पट्टा उसवलेला त्यांना दिसला. तो त्यांनी व्हरांड्यात बसून स्वतःच्या सुईने शिवून दिला. मी म्हणालो, 'काका, तुम्ही पाहुणे. राहू द्या.' ते म्हणाले, 'उसवलेलं दिसलं की मला चहा गोड लागत नाही हो.'

बुधवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पेरणी केली. शिंगाचे बटण मी उत्तरेच्या टोकाला, दोरीच्या अलीकडे एका पावलावर ठेवले. तिथेच का ठेवले असे साहेबांनी विचारले. तिथली माती मऊ होती म्हणून. ती मऊ आहे म्हणूनच तिथे दोरी आहे. सहा वर्षांपूर्वी खंदक खरा वाटावा म्हणून आम्ही तो माणूसभर खोल खणला, पण भिंतीला फळ्या लावल्या नाहीत. त्या टोकाची भिंत पावसाळ्यानंतर सुटत चालली होती. हे मला ठाऊक होते, आणि बोटाने खड्डा पटकन होतो म्हणून मला ती जागा सोयीची वाटली.

दहा वाजून वीस मिनिटांनी ते बटण काकांना सापडले. सोबत त्यांची मुलगी आणि दुसरे चार पाहुणे होते. काकांनी ते रुमालाने पुसले, उलटे केले, अंगठा चारही भोकांवरून फिरवला. मग ते खंदकाच्या मातीत खाली बसले. मला वाटले चक्कर आली. मी पाणी पुढे केले. ते म्हणाले, 'हे बाईच्या कोटाचं बटण आहे.'

चोरी पकडली गेली असे मला वाटले. चोराच्या मनात चांदणे. पण काका पुढे म्हणाले, 'दादा निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण तुटलं. तसलं दुसरं मिळेना. आईने स्वतःच्या कोटाचं काढून लावलं. सुईत दोरा मी ओवून दिला होता. आठ वर्षांचा होतो मी.' मग हिशेब सांगावा तसे ते शांतपणे म्हणाले, 'एवढ्या पलटणीत बाईचं बटण एकाच कोटावर होतं.'

चौघे पाहुणे रडले. मुलगी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मी टोपी काढली. ती रोजच काढतो. त्या दिवशी आपोआप निघाली.

यानंतर काकांनी मला एक प्रश्न विचारला. तो मी त्यांच्या शब्दांत सांगतो. 'कॅप्टन, मी शिंपी माणूस आहे, मला नीट सांगा. हे एखाद्या पाहुणीच्या कोटाचं नसेल ना? अलीकडे पडलेलं?' ते माझ्याकडे सरळ बघत होते. मी म्हणालो, 'नाही काका. ही माती लढाईनंतर कुणी हलवलेली नाही.'

असे का सांगितले याचे कारण साहेबांनी विचारले. चार माणसे रडत होती, त्यांच्यासमोर फजिती नको होती. हे एक. दुसरे असे की, अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी खरोखर काही सापडल्यासारखे दिसत होते आणि ते मी दाखवले होते. मला अभिमान वाटला. हा शब्द कशाला घालता असे साहेब म्हणाले, पण माझ्या तोंडचा आहे, राहू द्यावा.

बटण त्यांनी परत मातीत ठेवले नाही. मी नियम सांगितला नाही. काका म्हणाले, 'बटण इथे आहे म्हणजे दादाही इथेच आहे.' मी म्हणालो, 'उद्या परवानगीचं बघतो, मग माणसं लावून खणू.' काका आणि मुलगी गुरुवारी सकाळच्या गाडीने परत जाणार होते, हे मला नोंदवहीवरून माहीत होते.

दुपारी साडेतीन वाजता मी त्या चार पाहुण्यांना तिरंदाजी शिकवायला मैदानावर नेले. काकांची मुलगी खोलीत पडली होती. तीन चाळीसला काका बागेच्या शेडमधून खुरपे घेऊन उताराकडे जाताना मी पाहिले. अंतर साधारण साठ पावले. त्यांनी मला हात केला. मीही केला. हातात धनुष्य असलेली चार माणसे सोडून जाता येत नाही, असा नियम आहे. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझा आवाज दोन मजली बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा. मी मनात म्हणालो, खणू दे म्हाताऱ्याला थोडे, काही सापडणार नाही, दमून परत येईल. हे मी पहिल्या जबाबात सांगितले नाही.

साडेचारला मुलगी मैदानावर आली आणि म्हणाली, 'बाबा दिसले का हो?' मी धावत गेलो. दोरीच्या अलीकडे गवतावर त्यांचा कोट होता, बाह्या आत दुमडून, दुकानात ठेवतात तसा घडी करून, वर चष्मा. दोरीपलीकडची भिंत खाली आली होती. मी, लॉजचा आचारी आणि दोन पाहुणे अशा चौघांनी हातांनी माती काढली. मुलगीही काढत होती. तिला बाजूला घ्या असे कुणी म्हटले नाही. पाच पंचवीसला काका हाती लागले. डॉक्टर सहाला आले. डॉक्टरांनी काय सांगितले ते कागदावर आहे.

परवा चौकीत येताना गाडीत मेहुणा म्हणाला, 'भाऊजी, तीनच वाक्यं सांगा. दोरी होती, सूचना दिली होती, ते स्वतःहून गेले. यात खोटं काय आहे, सांगा बघू.' खोटे काहीच नव्हते. मी तीन वाक्ये सांगितली. मेहुण्याला मी दोष देत नाही. त्याने सांगितले नसते तरी मी तेच सांगितले असते.

काल दुपारी काकांची मुलगी आमच्या खोलीत आली. ती म्हणाली की, वडिलांच्या समाधीच्या दगडावर दोन्ही भावांची नावे कोरायची आहेत, आणि बटण वडिलांच्या हातात ठेवून द्यायचे आहे. लॉजच्या कागदावर, बटण या रणभूमीत सापडले, असे चार ओळींत लिहून द्या, अशी तिने विनंती केली. मी लिहून दिले. सही केली. खाली 'कॅप्टन' लिहिले. ती म्हणाली, 'बाबांना साठ वर्षं झोप नव्हती. निदान भेट तरी झाली, नाही का?' मी 'हो' म्हणालो. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले, पण 'हो' म्हणालो.

जाताना तिने ते बटण माझ्या पत्नीला दाखवले. पत्नीने हातात घेतले, परत दिले, आणि 'सांभाळून जा ताई' एवढेच बोलली. ती गेल्यावर पत्नीने ट्रंक उघडून कोट काढला आणि माझ्यासमोर खुर्चीच्या पाठीवर टाकला. वरून दुसऱ्या जागी नुसता दोरा होता. वरून दुसरे. मी कात्री चालवताना ते मोजले नव्हते. पत्नीने पाणी तापवायला ठेवले, ते उकळून आटले तरी ती तिथेच उभी राहिली. आज सकाळी तिनेच कोट कागदात बांधून दिला. तो मी हजर करत आहे. बटणे उरलेली पाच, रंग तपकिरी. काकांच्या मुलीकडचे सहावे आहे.

काकांना आम्ही मारले असे मी म्हणत नाही, कारण ते ठरवणे माझे काम नाही. पण काका वेडेपणा करून गेले असे कागदावर राहू नये. त्यांनी विचारपूस करून, माहितगार माणसाला विचारून, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून खणले. त्यांची शिवण सरळ होती. कापड मी खोटे दिले.

जबाब लिहून झाला तेव्हा काकांची मुलगी कागदपत्रे न्यायला बाहेर बाकावर बसली होती. वाचून दाखवण्याआधी दार लावू का, असे साहेबांनी विचारले. मी आधी हो म्हणालो. नंतर, तिला आत बोलवावे, तिच्यासमोर वाचावे, अशी विनंती केली, ती मान्य झाली. खुर्ची दिली होती. ती उभी राहिली. शब्दन् शब्द वाचला गेला. माझ्या सांगण्यात आणि लिहिण्यात फरक नाही. शेवटी मुलीने मला एकच विचारले, 'मग बाबांचे दादा कुठे आहेत?' मला माहीत नाही, असे मी सांगितले. हा प्रश्न आणि हे उत्तरही लिहून घेतले असून तेही मला वाचून दाखवले. बरोबर आहे.