लाल तारखा

माझ्या पहिल्या कॅलेंडरची फजिती तुम्हाला सांगितली का? कलकत्त्याहून धर्मशिक्षण घेऊन मी औरंगाबादला परतलो, तेव्हा आमच्या चर्चमध्ये नाताळ आणि ईस्टर सोडले तर एकाही संताचा दिवस पाळत नसत. मला ते सहन होईना. मी स्वतःच्या हातानं चर्चच्या वर्षाचं कॅलेंडर तयार केलं, संतांचे सगळे दिवस लाल शाईत लिहिले आणि दारातच टांगलं.

पहिला मान संत अंद्रियाचा. मी अकरा पानांचं प्रवचन लिहून आणलं होतं. पण बाकं रिकामी. हजर होते फक्त घंटा वाजवणारे याकोबमामा.

"मामा, लोक कुठं आहेत?"

"गुलमंडीला, नाताळाचं कापड घ्यायला. तुम्हीच तारीख लाल केली ना? लाल तारखेला सुट्टी असती."

"मग तुम्ही कसे आलात?"

"सुट्टी असो नायतर नसो, घंटा मलाच वाजवावी लागती. माझ्या सगळ्या तारखा काळ्याच."

अकरा पानं मी घडी करून खिशात घातली.

पुढच्या कॅलेंडरात सगळे संत काळ्या शाईत उतरले आणि थोडे लोक येऊ लागले. लाल ठेवला फक्त संत याकोबाचा दिवस. आदल्या दिवशीच मामांना सांगितलं, "उद्या घंटा मी वाजवतो. सुट्टी तुमची."

मामा गंगापूरला लेकीकडं जाऊन आले.

"लई बरं वाटलं," ते म्हणाले. "पण एसटीतून उतरल्यापास्नं जो तो इचारतोय, काल घंटा बडवत कोण होतं?"