कॉलरमधली सुई

एमआरआयच्या खोलीबाहेर दुखरा गुडघा घेऊन बसलेल्या मास्तरांना दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण त्यांचे कान त्यांच्या ऐकण्यातले नव्हते. शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती.

"दुखणं हाताचं, आणि फोटो मेंदूचा?" शिंपी कुरकुरला.

"मेंदूपासून हाताकडे पांढरे धागे येतात म्हणे. ते विरलेत का, बघायचंय."

"मग मला विचारा म्हणावं. धाग्यातलं डॉक्टरांना काय कळतंय?"

"कॉलरमधली सुई द्या. आत लोखंड चालत नाही."

"तूच काढ."

"दोरा ओवलाय हिच्यात."

"मग? सकाळी एका झटक्यात ओवला. सांग डॉक्टरांना, सुई ओवणाऱ्या हाताला काही झालेलं नसतं."

"सांगते."

आतून बोलावणं आलं. तो गेल्यावर मास्तरांना राहवेना.

"हात छान चालतो की त्यांचा. मला चष्मा लावूनही जमत नाही."

"मी ओवते हो. ते आंघोळीला गेले की."

"त्यांना कळत नाही?"

"कळतं ना. म्हणून तर झोपताना रिकामी सुई माझ्या उशाशी ठेवतात."

मास्तरांनी गुडघ्याकडे बघितलं. आज पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बोलावंसं वाटेना.

बऱ्याच वेळाने शिंपी बाहेर आला.

"काय म्हणाले?"

"उद्या कळेल. माझी सुई?"

"ही घ्या."

त्याने हात पुढे केला नाही. मान पुढे केली.