देवांचं कडवं

डहाणूच्या स्टँडवर उधव्याच्या गाडीसाठी रांग लागली होती. जयवंतीच्या मागे एक म्हातारी आणि तिची भाची उभ्या होत्या. मान न वळवताही जयवंतीला त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

“आत्या, दिवाळीत तू गायलेली लग्नाची गाणी मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलीत. वायफायवरून टीव्हीवर लागतात, आईच्या मोबाईलवर लागतात, वहिनीच्या पण. त्याला इंटरनेटसुद्धा नको.”

“म्हणजे घरभर मीच?”

“तूच. घरातल्या पोरींना तर गाणी पाठ झाली.”

“पाठ झाली म्हणूनच मी गावी चाललेय. तुझ्या बहिणीने परवा फोनवर गाऊन दाखवलं. देवांना बोलवायचं कडवंच नाही त्यात.”

“तेव्हा तूच नाही गायलीस ते.”

“दिवाळीत कोणाचं लग्न होतं, योगिता? मांडव नाही, नवरी नाही. देवांना बोलावून बसवणार कुठे? मी लग्न लावणारी धवलेरी आहे, रेडिओ नाही.”

“मग आता गा, मी मोबाईलवर घेते. एकदा कॉम्प्युटरमध्ये टाकलं की सगळ्यांना पुरं गाणं मिळेल.”

“इथे, स्टँडवर?”

जयवंतीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती अर्धं पाऊल मागे सरकली.

“उद्या उधव्याला काकड्याच्या पोरीच्या लग्नाच्या मांडवात गाईन,” म्हातारी म्हणाली. “पोरी माझ्या मागून म्हणतील. तू मोबाईल घरी ठेव.”

“आणि नंतर त्या विसरल्या तर?”

“मला विचारतील. मी कुठे बंद पडलेय?”