टाकीखालची खोली

सेक्रेटरी : बसत नाही काका, मुलीला खालच्या घरात एकटीला ठेवून आलेय. तुम्ही फक्त हो म्हणा.

घड्याळवाले : कशाला हो म्हणू? मेंटेनन्सचे थकलेले पैसे कपाटात वेगळे ठेवलेत, एका नोटेला हात लावलेला नाही. गच्चीवरच्या टाकीची गळती थांबवा आणि घेऊन जा, एवढंच पहिल्यापासून म्हणत होतो.

सेक्रेटरी : पण निकालात मेंटेनन्स आणि वकिलाची फी, दोन्ही आहेत.

घड्याळवाले : तुमच्या वकिलाची. माझ्यावर दावा लावायला तुम्ही आणलेल्या. उद्या मला कुणी काठीने बदडलं, तर काठीचे पैसेही माझ्याकडेच मागेल.

काकू : अहो, हळू. आणि तू बस गं, किती येरझारा घालशील? ती खुर्ची नको, तिच्यावर ठिबकतं.

सेक्रेटरी : काका, दावा आधीच्या कमिटीने लावला. मी सेक्रेटरी झाले तेव्हा निकालच हातात पडला.

घड्याळवाले : वसुलीला मात्र तू आलीस.

सेक्रेटरी : कारण आगाऊ रकमेशिवाय गवंडी येत नाही. टाकीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे वकिलाला गेले.

घड्याळवाले : थांब. माझं छत दुरुस्त करायच्या पैशांनी तुम्ही माझ्यावरच दावा लावलात?

सेक्रेटरी : असं म्हटलं तर तसं.

घड्याळवाले : दुसरं कसं म्हणायचं ते सांग, तसं म्हणतो. थकलेल्या पैशांतून आण ना गवंडी.

सेक्रेटरी : ते पंपाच्या वीजबिलात जातील. ते नाही भरलं तर टाकीत पाणीच चढणार नाही.

घड्याळवाले : मग भरूच नका. आपोआप गळायचं थांबेल.

काकू : यांचं काही मनावर घेऊ नकोस. झोप नाही यांना. पलंग खिडकीपाशी होता, तिथे गळायला लागलं. कपाटापाशी नेला, तर तिथेही. आता मी स्वयंपाकघरात निजते आणि हे बादलीशेजारी. जन्मभर टिकटिक ऐकत झोपलेला माणूस, पण ही टपटप सोसवत नाही.

सेक्रेटरी : बादलीत येत नाही ते पाणी कुठे जातं, काका?

घड्याळवाले : भिंतीत उतरतं. का?

सेक्रेटरी : सहज.

काकू : सहज नाही. आल्यापासून तू एकदाही छताकडे बघितलं नाहीस. फरशीकडेच बघतेयस.

(सेक्रेटरी त्या ठिबकणाऱ्या खुर्चीवरच बसते.)

सेक्रेटरी : परवा लेकीची उशी भिजलेली होती. पाणी सांडलंस म्हणून मी तिलाच रागावले. मी नाही सांडलं, मी नाही सांडलं, म्हणून रडत राहिली. काल छताचा पोपडा तिच्या उशीवर पडला. नशीब, ती शाळेत होती.

घड्याळवाले : कमिटीला सांगितलंस?

सेक्रेटरी : सांगितलं. आधी वसुली, मग दुरुस्ती, म्हणाले.

घड्याळवाले : मलाही हेच म्हणाले होते.

सेक्रेटरी : माहितीये.

काकू : अहो, शटरसाठी ठेवलेले पैसे आहेत ना, त्यातून फी देऊन टाका.

घड्याळवाले : दुकानाचं शटर बदलायचंय त्यातून. आणि ही फी भरली, म्हणजे चूक माझी होती असं ठरतं.

काकू : नव्हती तुमची चूक. मला ठाऊक आहे, हिला ठाऊक आहे. आणखी कुणाला पटवायचंय? पोपडे पोरीच्या डोक्यावर पडतायत.

घड्याळवाले : पावतीवर काय लिहिशील?

सेक्रेटरी : वकील खर्चाची वसुली.

घड्याळवाले : टाकी दुरुस्ती लिही.

सेक्रेटरी : नाही लिहिता येणार, काका. खोटं बोलून घेऊन जाणं सोपं होतं, पण तसं नकोय मला.

घड्याळवाले : कपाटाची किल्ली कुठाय?

काकू : तुमच्याच खिशात.

घड्याळवाले : आणि पोरीचा पलंग?

सेक्रेटरी : खिडकीपाशी. आता कपाटापाशी सरकवणारेय.

घड्याळवाले : तिथे नको. आम्हीही तिथेच फसलो. दाराकडे घे.