त्यातला एक माझा

सोपं असतं म्हणे! टेप वाचणं सोपं असतं म्हणे! अहो, एवढं सोपं असतं तर अडतीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला साठी उलटल्यावर मेहुणीपुढे मांडी ठोकून बसावं लागलं असतं का, हातात शिसपेन्सिल घेऊन, दुसरीतल्या पोरासारखं? हसू नका. हा कॉफीवाला हसतोय, हसू दे, त्याच्या दुकानाची फळी मीच बसवलीय, ती वाकडी आहे हे त्याला अजून कळलेलं नाही... पण तुम्ही हसू नका. तुम्हाला सांगतो, सुतार म्हटला की टेप येणारच, असं जग धरून चालतं. जगाचं काय जातंय?

माझा बाप बांबूवर खाचा पाडायचा. एका घराला एक बांबू. दाराची खाच, खिडकीची खाच, तुळईची खाच. घर झालं की बांबू आढ्याला बांधून ठेवायचा, संपलं! आकडा नाही, रेघ नाही, चष्मा नाही. मी तेच शिकलो. मग लग्न झालं आणि थोआ आली. चौथी शिकलेली बाई! सासरी येताना कपडे दोन जोड आणले आणि ही टेप आणली. म्हणाली, "बांबू किती दिवस पुरवणार हो? मी वाचते, तुम्ही कापा." झालं. मी टेपचा शेंडा अंगठ्याखाली दाबून धरायचो, ती दुसऱ्या टोकाला जायची, आकडा वाचायची, नखानं खूण करायची, मी करवत लावायचो. अडतीस वर्षं. आणि पुढे पुढे तर आकडा वाचला की एक पालुपद. "एकसष्ट... त्यातला एक माझा!" "एकशे बारा... त्यातला एक माझा!" मला वाटायचं, थट्टा करते. कामातला वाटा मागते. मी म्हणायचो, "घे बाई, एक काय, दोन घे!" तर म्हणायची, "दोन नको, एकच." बायकांचं असतं एकेकीचं काही तरी, नाही का?

तर ही बाई गेली. पावसाळा सरता सरता गेली. असं पटकन म्हणून टाकतो बघा, दुसरं कसं म्हणायचं मला जमत नाही.

आणि जाण्याआधी काय केलं? परसात तिनं लावलेला फणस वादळात पडला होता, त्याची एक फळी जपून ठेवली होती, पिवळीधमक. ती बिछान्याशी मागवली, आणि पडल्या पडल्या पेन्सिलीनं तिच्यावर लिहिलं, ९४. म्हणाली, "माझ्या तसबिरीचं मेज ह्याचं करा. बाजारातलं आणलंत तर मी बसणार नाही त्याच्यावर. आणि तुम्हीच करा." अगं, पण वाचणार कोण? तर हसली. "शिका की! सोपं असतं."

सोपं असतं म्हणे!

ती गेल्यापासून एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आत मेज हवं, कारण त्या दिवशी भिक्खू येणार, तसबीर मांडणार, धूप लावणार, भाताचा वाडगा ठेवणार. तो चुकला तर ती कुठं बसणार? दुसऱ्या सुताराला बोलवायचं तर कालव्याकाठच्या साऱ्या वस्तीत बोभाटा, की साउ सुताराला टेप वाचता येत नाही! बरं, फळी एकच. हात चुकला तर दुसरा फणस कुठून आणू? आणला तरी तो तिचा थोडाच?

मग आली दिएप. थोआची धाकटी बहीण, बाजारात ब्लाउज शिवते, जीभ कात्रीपेक्षा चालते. शाळेची मीटरभर लांब लाकडी पट्टी घेऊन आली आणि सुरू! "दाजी, हे शून्य. इथून मोजायचं." मी म्हटलं, जिथं काहीच नाही तिथं रेघ कशाला ओढलीय? "दाजी, एकापासून नाही, शून्यापासून! दाजी, रेघा नाही मोजायच्या, दोन रेघांमधली जागा मोजायची!" अगं, जागा कशी मोजायची? जागेत काही असतं का मोजायला? "दाजी, ह्या बारक्या दहा झाल्या की एक मोठी." मला तर आठच दिसायच्या! चष्मा लावला तर बारा! दिएपनं पट्टी कपाळावर मारून घेतली, स्वतःच्या बरं का, अजून माझा मान राखते.

मग मी दिसेल ते मोजत सुटलो. चहाचा पेला मोजला. मासा मोजला, फोडणीत टाकायच्या आधी. बदक मोजायला गेलो तर ते उभं राहीना, चोचीपासून धरलं तर शेपूट हलवतं, शेपटापासून धरलं तर चोच मारतं. दिएप ओरडली, "दाजी, ते बदक आहे, फळी नाही!" मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पण आज पहिल्यांदा आकडा बरोबर येतोय, धर त्याला! एकेचाळीस आलं. तोवर मी इतका खूश कधी झालो नव्हतो, आणि आत ओरडून सांगायला गेलो, "अगं थोआ, एकेचाळीस!"... घरात कोण होतं?

सोपं असतं म्हणे.

मग थोआची टेप काढली. आपल्याकडच्या सुतारांची टेप तुम्हाला माहीतच आहे, आकड्यांखाली दोन ओळी, लाल खण शुभ, काळा अशुभ, प्रत्येक खणात शब्द. मी चौऱ्याण्णववर बोट ठेवलं, तर काय? काळा खण! शब्द काय? आजार! म्हटलं, दिएप, तुझ्या बहिणीनं हे काय लिहून ठेवलंय? आजारानंच गेली, आता मेजही आजाराचं? दिएपनं माझं बोट धरलं आणि हळूच खाली सरकवलं. "दाजी, वरची ओळ जित्या माणसांची. दारं, पलंग, कपाटं. तिची खालची ओळ." खालच्या ओळीत चौऱ्याण्णव लाल होतं. शब्द होता ऋणानुबंध. पण मला पुढचं काही दिसेना. अडतीस वर्षं आम्ही वरच्या ओळीत वाचत होतो हो. ती खालच्या ओळीत कधी गेली, मला कुणी सांगितलंच नाही.

सेहेचाळिसाव्या दिवशी फळी घेतली. मी सवयीनं शेंडा अंगठ्याखाली दाबला, दिएप दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, तू नको वाचू, मी वाचतो, तिनं मला सांगितलंय. दिएपला शेंडा धरायला दिला, म्हटलं असा धर, अंगठा असा दाबून, फळीच्या कडेला अगदी चिकटून. गेलो, चष्मा पुसला, चौऱ्याण्णव! पुन्हा वाचलं, चौऱ्याण्णव! दिएप म्हणाली, "बघा, जमलं की!" करवत चालवली. अशी चालवली की बाप असता तर पाठ थोपटली असती.

तुकडा पडला. दिएपनं सहज आपली शिवणाची फीत काढून लावली. आणि टोकाशी वाकून पाहिलं. म्हणाली, "दाजी... त्र्याण्णव आहे."

शक्यच नाही! तुझी फीत ताणलीय! ब्लाउज मापून मापून सैल झालीय! "माझी फीत सैल नाही, तुमचं डोकं सैल आहे!" पुन्हा लाव! पुन्हा लावली, त्र्याण्णव! टेपवर पाहिलं, खालच्या ओळीत त्र्याण्णवला काळा खण. शब्द? दुःख. अहो, एका बोटाच्या नखाएवढं अंतर आणि ऋणानुबंधाचं झालं दुःख!

मग दिएपनं टेपचा शेंडा उजेडात धरला. शेंडा नव्हताच. पुढची आकडी नाही, शून्य नाही, शून्य ते एक ही जागाच नाही. ती टेप सुरू होते एकच्या रेघेपासून, तुटक्या पत्र्यानं. आणि मला आठवलं... एकोणीस वर्षांपूर्वी मीच कपाटाच्या दारात ती चिमटवून तोडली होती, आणि वर तिच्यावरच ओरडलो होतो, "टेप ठेवतेस कुठं, डोळे फुटलेत का!" ती काय म्हणाली माहितीय? "ओरडू नका. शेंडा तुम्ही धरा, तुटलेला एक मी सांभाळीन."

म्हणजे एकोणीस वर्षं ती हवं त्याहून एक जास्त वाचत होती, साठ हवेत तर एकसष्टवर नखाची खूण करत होती, आणि मला सांगत होती, दर वेळी, मोठ्यानं, "त्यातला एक माझा." आणि माझ्या अंगठ्याखालीच होतं ते तुटलेलं. मी कधी अंगठा उचलून पाहिलं नाही. दोन घे म्हणायचो. हसायचो!

दिएप रडायला लागली, मी तिला म्हटलं रडू नको, मग मीच रडलो, मग बदक ओरडायला लागलं.

उरलेल्या तुकड्यातून एक बोटभर नव्हे, नखभर पट्टी कापली, सरसानं डकवली, दोन दिवस दाबून ठेवली. सांधा दिसतो. दिसणारच. एकोणपन्नासाव्या दिवशी तसबीर बसली, धूप लागला, भिक्खूंनी सांध्यावर बोट फिरवलं. सगळे गेल्यावर मी तिचीच टेप लावली. शेंडा अंगठ्याखाली. दिएपनं पलीकडून वाचलं, "पंच्याण्णव..." आणि थांबली. मीही थांबलो. पुढचं म्हणायची कुणाची पाळी, तेच आम्हाला कळेना.

आता दिएपनं नवी टेप आणलीय. चकचकीत, आकडीवाली, शून्यापासून सुरू होणारी. म्हणते, "दाजी, आता तुम्हाला वाचता येतं, नव्यानं सुरुवात करा." बरोबर आहे तिचं. खुंटीला टांगलीय. आणि मी रोज सकाळी मेज पुसतो, आणि जुनीच लावतो. सोपं असतं हो, शिकलो मी, चुकत नाही आता.

एक जास्त येतो. येऊ दे.