वीस वर्षांनंतरची पायरी

येत्या वीस वर्षांत देशाने काय साधावं, हे लोकांनाच विचारायचं ठरलं होतं. सभागृहात प्रत्येकाने माईकसमोर एकच गोष्ट सांगायची. शिंपीणबाई रांगेत आपलं भाषण मनात घोकत उभ्या होत्या, पण पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कानावर आलं आणि घोकणं तिथेच थांबलं.

“अहो, काय बोलणार ते आधी मला सांगा.”

“बसची पायरी खाली आणा म्हणणार.”

“अगं बाई! लोक शाळा म्हणतायत, पाणी म्हणतायत, आणि तुम्ही पायरी?”

“जन्मभर बस चालवली मी. तू चढताना दांडा धरून डोळे घट्ट मिटायचीस, ते आरशात दिसायचं मला.”

“म्हणून माझ्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं देशापुढे?”

“देशात गुडघे काय तुला एकटीलाच आहेत?”

“बरं बाबा. पण ते व्हायला वीस वर्षं लागणार म्हणे.”

“वीस? मला वाटलं, पुढच्या महिन्यात.”

“तेव्हा आपण कुठले असायला!”

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

“मग जायचं घरी?”

“घरी कशाला? तेव्हाही कुणीतरी डोळे मिटून चढत असेलच की. जा, बोला. आणि पुटपुटू नका.”

तो माईकपाशी गेला. घसा खाकरला.

“वीस वर्षांनी बसमध्ये चढणाऱ्या एका बाईबद्दल बोलायचंय. तिला मी ओळखत नाही. तिचे गुडघे मात्र चांगले ओळखतो.”