आप्पांचं अत्तर

सांगली-सातारा एसटी कऱ्हाडला थांबली, तेव्हा मागच्या बाकावरचा पांढऱ्या टोपीचा माणूस उठला आणि माझ्या पुढे बसलेल्या आपल्या धाकट्या भावाशेजारी जाऊन बसला.

"गोमटेश, वकिलाची नोटीस पोचली न्हवं?"

"पोचली, धनपालअण्णा. बाटलीवरनं आप्पांचं नाव काढलं मी."

"काढायलाच पायजे. बापाच्या नावाचा ट्रेडमार्क माझ्याकडं हाय."

"व्हय. अत्तर मात्र आप्पांनी शिकवलं तसंच करतोय."

"तेबी बंद करणार होतो. वकील म्हणाला, नाव धरून ठेवता येतंय, ह्या वासाला काय करता येत न्हाई."

"तुमचं कसं चाललंय?"

"नाव बघून घेत्यात. दुसऱ्यांदा येत न्हाईत. तुझं?"

"आलेलं गिऱ्हाईक परत येतंय. पण कोरी बाटली बघून नवं कोण येत न्हाई."

"हं."

"आई कशी हाय?"

"दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. वासावरनं माणूस ओळखती."

"मग तुमाला ओळखत आसंल की."

"काल माझं नवं अत्तर लावून जवळ बसलो. म्हणाली, पावणं, च्या घ्या. धनपाल यील एवढ्यात."

गोमटेशनं पायाजवळची पिशवी मांडीवर घेतली.

"आप्पांच्या अत्तराची एक बाटली दे मला."

"पिशवीत हाय, घ्या. पण कोरी हाय. तुमचं लेबल लावून घ्या."

"लेबल कशाला? तिला कुठं दिसतंय."